फासा आणि दुनळी

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक राजा शिकारीला निघालेला आहे. घोडे आहेत, कुत्री आहेत, माणसांची दाटी आहे. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात हे लेणे घडले. याच लेण्यात शरभ जातकही रंगवले आहे. हरणाचा पाठलाग करता करता राजा खड्ड्यात पडतो आणि ज्याला मारायला निघाला तोच शरभ मृग त्याला पाठीवर घेऊन वर काढतो. ज्याने हे काढले त्याने शिकार जवळून पाहिली असणार, अशी माझी खात्री आहे. जिवाच्या आकांताने पळणारे जनावर नुसत्या ऐकीव गोष्टीवरून तसे काढता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या हरणाच्या शिकारीचा इतिहास मी या भिंतीपासून सुरू करतो त्याला कारण आहे. चित्रातला राजा लगेच ओळखू येतो. कुत्री धरणारा कोण, माग काढणारा कोण, हरीण कोणत्या ओहोळात बसले आहे हे पहाटे जाऊन कोणी पाहून आला, याचा पत्ता लागत नाही. पुढची दीड हजार वर्षे हे असेच चालले. हरीण कोणी मारले याची नोंद सापडते. ते कुठे सापडेल हे ज्यांना ठाऊक होते, त्यांची नोंद सापडते ती शिकारीच्या पुस्तकांत कमी आणि पोलिसांच्या दप्तरात जास्त.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीतली काही वर्षे शस्त्र परवान्यांचे टेबल माझ्याकडे होते. औरंगाबादला तेव्हा छत्रपती संभाजीनगर म्हणत नव्हते. कन्नड, सोयगाव, सिल्लोड, वैजापूर इकडून माणसे बंदुका घेऊन तपासणीला येत. कुणी जुन्या धोतरात गुंडाळून आणी, कुणी गोणपाटात. निजामी अमदानीतले काही कागद उर्दूत होते, आणि माझ्या आजोबांनी लहानपणी मला ती लिपी शिकवली होती म्हणून ते वाचायला माझ्याकडे देत. बापाच्या नावावरची बंदूक मुलाच्या नावावर करायची, परवान्याची मुदत वाढवायची, पिकांच्या राखणीसाठी नवा परवाना हवा असेल तर तलाठ्याचा आणि पोलिसांचा अहवाल जोडायचा, असे ते काम. बंदूक पुढ्यात आली की मी तिचा क्रमांक ताडून पाही आणि मग विचारी, हिने शेवटची शिकार कधी केली? या प्रश्नावर माणसे खुलत. बहुतेकांच्या गोष्टीत एक पारधी असायचाच. ‘आमच्याकडे एक पारधी होता, तो दाखवायचा,’ एवढ्यावर त्याचे येणे-जाणे संपे.

त्या पारध्यापासूनच सांगतो.

फासेपारध्यांचे हत्यार म्हणजे फासा. जनावराच्या आतड्याची किंवा स्नायूंची तात वळून त्याची सरकगाठ करायची, अशा गाठी एका लांब दोरीवर ओळीने बांधायच्या आणि दोरी खुंट्यांनी जमिनीत ठोकायची. काळविटांच्या रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, गवतात दिसणार नाही अशी ही ओळ मांडली की दोघेतिघे लांबून वळसा घालून कळपाच्या मागे जात. धावत नाहीत, ओरडत नाहीत. कळप बिथरून चौखूर उधळला तर तो फाशांवरून उड्या मारत निघून जातो. त्याला फक्त अस्वस्थ करायचे, म्हणजे तो चालत, थांबत, आपल्या नेहमीच्या वाटेला लागतो. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने जनावराजवळ जात. गाय चरत चरत पुढे सरके आणि माणूस तिच्या पोटामागून वाकून चाले. माळावरच्या काळविटाला गुराची भीती वाटत नाही, हे ज्ञान त्या तंत्रामागे आहे. तितराला त्याच्याच आवाजात साद घालून बोलावणे ही तर पारध्यांच्या पोरांचीही विद्या.

या सगळ्यात बारूद नाही, धातूही फारसा नाही. आहे ती माहिती. वारा कुठून वाहतो, नर आपली जागा कुठे धरून उभा राहतो, माद्या पाण्यावर केव्हा उतरतात, पाडस गवतात कुठे दडवतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, त्यात फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तिघांच्या शिकारी वेगवेगळ्या असल्याचे दिसून आले. फासेपारधी फाशांनी काळवीट, मोर, लावे-तितर धरीत. नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखी लहान जनावरे आणि पाण्यातले जीव धरीत. एकाच मुलखात राहून एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही, अशी ही वाटणी होती. फाशात सापडलेली गाभण मादी आणि पाडस सोडून देण्याची रीतही याच अभ्यासकांनी नोंदवली आहे. गोळी लागलेली मादी गाभण होती हे कळते तेव्हा ती मेलेली असते. फाशातली मादी जिवंत असते, तिच्याबद्दल विचार करायला अवधी मिळतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

राजेलोकांनाही हरणाची शिकार जुन्या काळापासून प्रिय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच घराण्याच्या राज्यात होता. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये शिकारीचे सविस्तर प्रकरण आहे आणि हरणावर चित्ता सोडण्याचा फार जुना उल्लेख त्यात मिळतो. पुढे मोगलांनी ही शिकार शिगेला नेली. ‘आईन-इ-अकबरी’त चित्त्यांच्या खुराकापासून त्यांच्या प्रतींपर्यंत सगळे लिहिले आहे. पाळीव काळविटाच्या शिंगांना फासाचे जाळे बांधून त्याला रानटी नराशी झुंजायला सोडायचे आणि शिंगे गुंतली की दोघांना पकडायचे, ही युक्तीही तिथे आहे. जहांगीरने तर हिशेबच ठेवला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने 17,167 जनावरे मारली. त्यात 889 रोही होती आणि हरणे, चिंकारे, चितळ वगैरे मिळून सुमारे 1,670. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे नीलगाय म्हटले तर शेतकऱ्याला पटकन उमजत नाही.

मलिक अंबरने 1610 साली वसवलेल्या खडकीला औरंगजेबाने 1653 साली आपले नाव दिले, तेव्हा मोगली दरबाराच्या चालीरीतींबरोबर हा शिकारीचा शौकही दख्खनेत मुरत गेला. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, त्याला बैलगाडीत बसवायचे आणि गाडी कळपाकडे सरळ न नेता तिरकी तिरकी न्यायची. काळवीट गाडीला बुजत नाही. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढायची. पुढचे सगळे काही क्षणांत आटोपते, कारण चित्त्याचा दम फार थोडा. पहिल्या झेपेत काळवीट हाती लागले नाही तर चित्ता बसून राहतो, आणि काळवीट ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने माळ ओलांडून जाते.

आता या शौकामागची एक गोष्ट. चित्ता तेव्हा पिंजऱ्यात सहसा वीत नसे. जहांगीरच्या पदरी एकदा चित्त्याची पिल्ले झाली, तर त्याने ते नवल म्हणून लिहून ठेवले. म्हणजे बादशहाचा, नवाबाचा, राजाचा प्रत्येक शिकारी चित्ता रानातून धरून आणलेला होता, आणि तोही मोठा झालेला, आईकडून शिकार शिकलेला. तो धरायचा कोणी? चित्ते काही ठरावीक झाडांशी पुन्हा पुन्हा येतात, बुंध्यावर नख्या ओढतात. पारधी ते झाड हेरत आणि त्याच्या भोवती हरणाच्याच तातीचे फासे मांडत. मग अडकलेल्या चित्त्याला बांधून, उपाशी ठेवून, माणसांच्या गलबल्यात बसवून माणसाळवायचे कामही त्यांच्यातल्याच चित्तेवाल्या पारध्यांचे. दरबारी चित्रांत गळ्यात पट्टा घातलेला देखणा चित्ता दिसतो. त्याच्या गळ्यातला पहिला फासा पारध्याचा होता.

हे चित्ते धरून धरून संपत आले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी चित्त्यांची शिकार मोठ्या हौसेने चालवली. तिथे चित्तेवान घराणी आजही त्याच नावाने ओळखली जातात. पण विसाव्या शतकात संस्थानिकांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. 1918 ते 1945 या काळात असे सुमारे दोनशे चित्ते हिंदुस्थानात आले. इथल्या रानातले शेवटचे म्हणून ज्यांची नोंद आहे ते तीन चित्ते 1947 च्या सुमारास आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात मारले. मोटारीचा दिवा हे हत्यार पुढे आमच्या माळावरही आले.

इंग्रज इथे आले तेच बंदूक घेऊन. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रासच्या 28 व्या घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या वळणापाशी आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून वाचता येते. तेव्हा लेण्यात गाळ आणि दगडमाती साचलेली होती, तिच्यावर उभे राहून त्याने हे कोरले, म्हणून आज ती अक्षरे डोक्याच्या बरीच वर दिसतात. त्याला वाट एका गुराखी पोराने दाखवली असे सांगतात. त्या पोराचे नाव कोणी कुठे कोरले नाही.

पंचवीस वर्षांनी, 1844 मध्ये, रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. पारो नावाच्या तिथल्या तरुणीची आणि त्याची प्रेमाची गोष्ट ना. धों. महानोरांमुळे मराठी माणसाला माहीत झाली. तो चित्रकार होता आणि नाणावलेला शिकारीही होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. 1864 साली त्याच्या शंभर छायाचित्रांचे पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनांसह निघाले, त्याच्या नावातच वास्तुकलेबरोबर पश्चिम हिंदुस्थानातला निसर्गेतिहास आहे. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्याच्या अजिंठ्याच्या नकला जळाल्या.

औरंगाबादची छावणी, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हिंगोली या ठिकाणी निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिन्जंट फौज असे. 1903 मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. या फौजेतल्या अधिकाऱ्यांना दख्खनचे माळ म्हणजे शिकारीचे मोकळे अंगण. त्यांच्यातल्याच आर. जी. बर्टनने 1928 साली दख्खनमधल्या शिकारीवर आणि वन्यजीवनावर पुस्तक लिहिले. हे लोक चांगले लिहीत, बारकाईने पाहत, ही गोष्ट मी मान्य करतो. त्यांच्या लेखनामुळेच आपल्याला कोणत्या डोंगरात काय होते हे कळते. त्यांच्या पुस्तकांत बंदुकीचा बोअर, गोळीचे वजन, शिंगांची इंचांतली लांबी, सगळे असते. वाट दाखवणारा असतो तो बहुधा नुसता ‘शिकारी’.

आणि ज्या काळात हे चालले होते, त्याच काळात 1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे एकेका प्रांतात आणि संस्थानात पारधी त्या यादीत आले. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडताना परवानगी घ्या. ज्याचे जगणेच कळपामागे गाव बदलण्यावर, त्याच्यासाठी गाव बदलणे हाच गुन्हा ठरला. साहेब हरणामागे तंबू घेऊन महिनाभर हिंडे, त्याला खेळ म्हणत. पारधी त्याच हरणामागे हिंडला तर त्याच्यावर पहारा बसे. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला. गावोगावच्या पोलिसपाटलांच्या मनातून तो तेव्हा गेला नाही, आणि आजही चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते.

माझ्या घरातल्या बंदुकीबद्दल आता लिहितो. आजोबांची शेती कन्नड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, एका नळीची, परवाना निजामी अमदानीतला. ती भरायला सवड लागे. मापाने दारू नळीत ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी. पावसाळ्यात दारू सादळायची, म्हणून ऊन पडले की ती कागदावर पसरून ठेवत आणि त्या ओट्यावर आम्हा पोरांना फिरकू देत नसत. चूल पेटलेली असेल तर ती डबी घराबाहेरच राही. चाप ओढून बार उडाला नाही तर पुष्कळ वेळ नळी जमिनीकडे धरून उभे राहायचे, कारण सादळलेली दारू उशिरा पेट घेते. ही एक गोष्ट ते सांगून थांबत नसत, दर वेळी करून दाखवत.

त्यांचे नियम मला पाठ आहेत. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायची नाही. चालताना टोपी खिशात, बंदुकीवर नाही. गज नळीत विसरून बार काढायचा नाही. रात्री ज्वारीत खसखस ऐकू आली म्हणून आवाजावर कधीच बार टाकायचा नाही. ते डुक्कर असेल, शेजारच्या शेतातला जागल्याही असेल. जनावर पूर्ण दिसले पाहिजे, आणि जनावराच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. या नियमांत बंदुकीची भीती नव्हती, तिची पुरती ओळख होती. नंतर माझ्या टेबलावर दुनळ्या आल्या, रायफली आल्या. तपासणीला आलेला माणूस टेबलाशी येताच बंदूक उघडून रिकामी नळी आधी दाखवतो की नाही, यावरून तो कोणाच्या हाताखाली शिकला हे मला कळत असे.

बंदुकीपेक्षा बाकीची तयारी मोठी होती. डोंगरात जायचे तर आधी पाणी. उन्हाळ्यात कोणता झरा जिवंत आहे हे माहीत नसेल तर माणसे परत फिरत. भाकरी, कांदा, मिठाची पुरचुंडी, काठी, काडेपेटी, एक जादा धोतर, ज्याची झोळी होई, मोडलेल्या पायाला आवळायची पट्टी होई आणि दोरही होई. कुठे चाललो हे घरी सांगायचे आणि सांगितलेली वाट बदलायची नाही. आज गौताळ्यात, अंतूरच्या किल्ल्यावर, पितळखोऱ्याकडे शहरातून हौशी मंडळी जातात. चांगले बूट असतात, फोनमध्ये नकाशा असतो. त्या घाटांत पुष्कळ जागी रेंज नसते, आणि मे महिन्यात एक बाटली पाणी दुपारपर्यंतही पुरत नाही. पाण्याबद्दलचा आणि वाट न बदलण्याबद्दलचा आजोबांचा नियम त्यांनी अंगी बाणवावा असे मी माझ्या नातवंडांना कळकळीने सांगतो.

आजोबांनी हरणे मारली. त्यांची बंदूक पिकासाठी होती, तरी मारली. तेव्हा तो कमीपणा नव्हता. दिवाळीनंतर शाळू पोटरीला आला की कळप उतरत, माळ्यावर बसून गोफण, डबे, आरोळ्या, आणि क्वचित बार. बारूद महाग, भरायला वेळ, नेम जवळचा. रात्रभरात दोन बार उडाले तरी पुष्कळ. एका ठासणीच्या बंदुकीने कळप संपत नाहीत.

कळप संपले ते नंतर. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत देशभर पीक संरक्षणाच्या नावाने बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप स्वस्तात विकल्या गेल्या. बारा बोअरची दुनळी, काडतुसांची पेटी, जीप आणि तिच्यावर बसवलेला झगझगीत दिवा एवढे जमले की माणसाला काहीच शिकावे लागत नाही. माग नको, वारा नको, पाणवठा नको, पारधीही नको. उजेडात काळवीट थबकून उभे राहते, डोळे चमकतात. नर-मादी, गाभण-पाडस कळायच्या आत बार उडतो. जखमी झालेले अंधारात जाऊन मरते आणि त्याचा शोध कोणी घेत नाही. लेफ्टनंट कर्नल आर. डब्ल्यू. बर्टन हा स्वतः जुना शिकारी, आणि ई. पी. जी हा चहामळेवाला निसर्गप्रेमी, दोघांनीही त्या वर्षांत या संहाराबद्दल पोटतिडकीने लिहिले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात काळविटे चाळीस लाख असावीत असा अंदाज सांगतात. 1947 च्या सुमारास ती 80,000 उरली होती आणि 1964 पर्यंत 8,000. अंदाज थोडे इकडेतिकडे असतील. तरी सतरा वर्षांत दहातले एक उरले, हे माझ्या टेबलापुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी जे सांगितले त्याच्याशी जुळते. वैजापूरकडचा एक जण म्हणाला होता, लहानपणी शाळेत जाताना कळप आडवा आला की तो पुरा जाईपर्यंत थांबावे लागायचे, आणि माझ्या मुलाने पहिले काळवीट पुस्तकात पाहिले.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मराठवाड्याला ते साल दुष्काळाचे म्हणून आठवते. खडी फोडायला गेलेली माणसे, सुकडी, मिलो, कोरड्या विहिरी. दिल्लीत काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले तेव्हा आमच्याकडे माणूस काय खाणार हा प्रश्न होता. कायदा योग्य होता, तो झाला नसता तर आज एकही काळवीट दिसले नसते, असे मला मनापासून वाटते. तरी त्याचा भार कोणावर पडला तेही सांगायला हवे. मूळ कायद्यात काही जनावरांच्या शिकारीचे परवाने देण्याची सोय होती. ती 1991 च्या दुरुस्तीने काढली गेली. म्हणजे बंदूकवाल्याला कागदावर वीस वर्षे मिळाली. फाशाला परवाना नव्हताच. बंदूकवाल्याकडे बंदूक राहिली, शेत राहिले, दिवाणखान्यातली शिंगे राहिली. पारध्याकडे फक्त फासा होता आणि तो एका रात्रीत गुन्ह्याचा पुरावा झाला. त्याला दुसरे काम काय द्यायचे, याचा विचार त्या कायद्यात नव्हता.

आज कळप काही ठिकाणी परत आलेले आहेत. रेहेकुरीचे अभयारण्य 1980 चे, अवघे दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, पण तिथे काळवीट टिकले. आमच्या शेजारी येवला तालुक्यात ममदापूरला संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथली हरणे वैजापूरच्या हद्दीत मका-कांद्याच्या रानात येतात. 1986 साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रम घाट अभयारण्याच्या 260 चौरस किलोमीटरमध्ये रोही, भेकर, चिंकारा दिसतात. 2021 च्या मार्चमध्ये टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. खायला काही नसते तर तो थांबला नसता.

शेतकरी मात्र रोही आणि डुकरांनी हैराण आहे. भरपाई मिळते, पंचनामा करून, उशिरा. त्याला बंदुकीचा परवाना हवा असतो, आणि मिळाला तरी तिचा उपयोग मर्यादित. वन खात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्या अखेरच्या वर्षांत कितीतरी वारसांनी आजोबा-पणजोबांच्या ठासणीच्या बंदुका सरकारजमा करून टाकल्या, आणि मला ते पटले. त्यांचे काम झाले होते.

फाशाचे काम मात्र झालेले नाही. वाशिम-अकोल्याकडे फासेपारध्यांनी एका संस्थेच्या साथीने गवताळ माळराने राखायला घेतली आहेत. चराई आवरायची, गवत येऊ द्यायचे, तणमोरासारखे दुर्मीळ पक्षी कुठे उतरतात ते पाहायचे. ज्यांच्या आजोबांना गवताच्या उंचीवरून पाडस कुठे दडले आहे ते कळे, त्यांना हे काम वेगळे शिकवावे लागत नाही. हेच आपल्याकडे का होऊ नये? वैजापूर आणि कन्नडच्या वनपरिक्षेत्रांत काळविटांची मोजणी होते, तेव्हा मागकरी म्हणून पारधी तरुण पगारी घ्यावेत. रोही शेतातून बाहेर काढायला फटाके आणि आरडाओरडा करण्याऐवजी, कळपाला न उधळवता चालते करणारी माणसे त्या कामाला लावावीत. वस्तुसंग्रहालयांत तलवारी, कट्यारी, तोड्याच्या बंदुका आपण काचेत मांडतो. तिथे एक फासा मांडावा, तो कसा वळतात हे वळणाऱ्याकडून नोंदवून घ्यावे आणि खाली त्याचे नाव लिहावे. तात वळता येणारी, गाईच्या आडून चाललेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठात इतिहास आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी या उन्हाळ्यात पालांवर जावे, चहा घ्यावा आणि त्यांना बोलू द्यावे. मला थोडी उर्दू येते, जुने परवाने वाचायचे असतील तर मीही त्यांच्याबरोबर जायला तयार आहे.